हवेचा हिशेब

गाडी सावलीत उभी असेल, इंजिन थंड असेल आणि तुम्हाला कुठे जायचं नसेल, अशी वेळ निवडा. रविवारची सकाळ बरी. गाडीला मोठी चाकं घालावीत का, आणि घातली तर टायर कोणत्या मापाचा घ्यावा, हा प्रश्न दुकानात उभं राहून सुटत नाही. तिथे भिंतीवर अलॉय टांगलेले असतात, शेजारी कुणाची तरी गाडी जॅकवर चढलेली असते आणि कुणीतरी म्हणत असतं, "साहेब, सतराची टाका, गाडी भारी दिसेल." म्हणून आधी आपल्याच गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी बसा. पाट घ्या, चटई घ्या, नाहीतर उकिडवे बसा.

काही वेळ नुसतं पाहा.

चाकात दोन वर्तुळं दिसतील. आतलं धातूचं, बाहेरचं रबराचं. डोळा आतल्याकडे जातो, कारण ते चमकतं, त्यावर नक्षी असते आणि हौस पुरवायची ती त्याचीच. बाहेरचं काळं, धुळीने माखलेलं. गाडी मात्र बाहेरच्याच वर्तुळावर चालते. गिअरचं गणित, वेगाचा काटा, किलोमीटरची मोजणी, अचानक ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी एबीएसची यंत्रणा, या सगळ्यांनी बाहेरच्या वर्तुळाचा घेर गृहीत धरलेला असतो. आतली रिम चौदा इंची की सोळा इंची, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. चाक एकदा फिरलं की गाडी किती पुढे सरकली, एवढंच त्यांना कळतं.

हे मनात नीट बसू द्या. रिम मोठी करायची म्हणजे चाक मोठं करायचं, असं आपण बोलून जातो. तसं नाही. रिम मोठी करायची आणि चाक तेवढंच ठेवायचं, हे खरं काम आहे. मग रिमला दिलेली जागा येणार कुठून, हा प्रश्न उरतो. त्याच्याशी आता थोडा वेळ बसायचं आहे.

टायरच्या बाजूवर उठावात आकडे असतात. बोटाने चाचपून वाचा. समजा गाडी मारुतीची बलेनो आहे, खालच्या व्हेरिएंटची. तिथे १८५/६५ आर १५ असं माप असेल. हे माप लिहिण्याची पद्धत मोठी गमतीची आहे. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये, दुसरा टक्क्यांत, तिसरा इंचांत. तीन घरांतले तीन पाहुणे एकाच पंगतीला बसवावेत तसं. पण एकदा ओळख झाली की गोंधळ होत नाही. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर. रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत जी रबरी भिंत आहे, तिची उंची या रुंदीच्या ६५ टक्के. मधली रिम १५ इंच व्यासाची. आणि आर म्हणजे रेडियल: आतले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे गेलेले, त्यांच्यावर पोलादी तारांचे पट्टे. मिशलाँ कंपनीने १९४६ साली या रचनेचं पेटंट घेतलं आणि १९४९ साली असे टायर बाजारात आणले. आज रस्त्यावरच्या बहुतेक मोटारी त्यावरच चालतात.

आता हिशेब मांडा, पण मोबाइलवर नको, कागदावर मांडा. कागदावर वेळ लागतो आणि इथे वेळच लागायला हवा. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिलिमीटर आणि वर थोडं. ही भिंत रिमच्या वर एकदा येते, खाली एकदा येते, म्हणून दुप्पट: साधारण २४०. एक इंच २५.४ मिलिमीटरचा, म्हणून १५ इंच म्हणजे ३८१. बेरीज ६२१ आणि अर्धा. रस्त्यापासून चाकाच्या माथ्यापर्यंत एवढी उंची. हे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ५१२ वेळा फिरतं.

६२१. हा आकडा लक्षात ठेवा. पुढचं सगळं याच्याभोवती आहे.

आता रिम १६ इंची करा. ३८१ च्या जागी ४०६ मिलिमीटर आले. बाहेरचं वर्तुळ ६२१ लाच थांबवायचं असेल तर वाढलेले २५ मिलिमीटर भिंतीतूनच जाणार. वरून साडेबारा, खालून साडेबारा. दुसरी जागाच नाही. म्हणून टक्क्यांचा आकडा ६५ वरून खाली आणावा लागतो. रुंदी थोडी वाढवली जाते, कारण भिंत बुटकी झाली की आतली हवेची जागा कमी होते आणि ती रुंदीतून थोडीफार भरून काढतात. बलेनोच्याच वरच्या व्हेरिएंटना कंपनी १९५/५५ आर १६ टायर देते. करून पाहा: १९५ चे ५५ टक्के १०७ मिलिमीटर, दुप्पट २१४ आणि अर्धा, त्यात ४०६.४. बेरीज ६२०.९.

एक मिलिमीटरचाही फरक नाही.

मारुतीच्या स्विफ्टमध्येही हेच दिसतं. खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर १४, वरच्याला १८५/६५ आर १५. पहिल्याचा व्यास ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा तोच आपला ६२१.५. आत चौदा, पंधरा, सोळा. बाहेर तेच वर्तुळ. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी हा हिशेब आपल्या आधी मांडून ठेवलेला आहे, आणि बहुतेक वेळा आपल्याला शोधायचं असलेलं माप आपल्याच गाडीच्या महागड्या भावंडाच्या चाकावर छापलेलं असतं. मोठी चाकं घालणाऱ्यांपैकी फार थोडे तिथे जाऊन पाहतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आता चुकीच्या मापाचं मनन करा. तेही उपयोगी असतं. समजा कुणी म्हणालं, सोळाची रिम घालतोच आहोत तर टायर जरा भरीव घ्या, गाडी उंच दिसेल, स्पीडब्रेकरला खाली घासणार नाही. २०५/६० आर १६ हे माप दुकानात सहज मिळतं. फोर्डच्या इकोस्पोर्टला ते होतं. हिशेब करा: २०५ चे ६० टक्के १२३, दुप्पट २४६, अधिक ४०६.४. बेरीज ६५२. व्यास जवळपास पाच टक्क्यांनी वाढला. गाडी किती उचलली गेली? वाढीच्या निम्मी, म्हणजे दीड सेंटिमीटर. या दीड सेंटिमीटरसाठी काय काय दिलं, ते एकेक करून पाहा.

चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण काट्याला ते माहीत नाही. कंपनीचा काटा अगदी बरोबर आहे असं धरलं, तर तो १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५ ने धावत असेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींची मर्यादा १०० आहे आणि तिथला कॅमेरा आपला काटा बघत नाही, रस्ता बघतो. मुळात काटा खऱ्या वेगापेक्षा किंचित जास्तच दाखवेल असा बनवतात. आंतरराष्ट्रीय नियमच आहे की त्याने जास्त दाखवलं तर एका मर्यादेपर्यंत चालेल, कमी दाखवता कामा नये. मोठा टायर ही सवलत खाऊन टाकतो. शिवाय किलोमीटर कमी मोजले जातात, म्हणजे सर्व्हिसिंग उशिरा होतं आणि जुनी गाडी विकताना आकडा खोटा असतो, मनात तसं काही नसताना. प्रत्येक गिअर किंचित लांब होतो. चढाला गाडी मागे ओढल्यासारखी वाटते. घाटात लोक म्हणतात इंजिन थकलं. इंजिनचा काही दोष नसतो.

या धंद्यात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असं म्हणतात. मला ती ढिलाई वाटते. एक टक्क्याच्या आत बसणारी मापं बाजारात असताना तीनपर्यंत जायचं कशाला?

इथपर्यंत झालं ते आकड्यांचं. आता हात पुढे करा आणि टायरच्या बाजूवर तळवा ठेवा. रिमच्या कडेपासून जमिनीकडे हात हळूहळू खाली न्या. जमिनीजवळ भिंत किंचित बाहेर आलेली जाणवेल. गाडी तिथे टेकली आहे. हा फुगवटा दोष नाही. भार खाली कसा उतरतो ते तिथे हाताला कळतं.

गाडी कशावर उभी आहे, असं स्वतःला विचारा. रबरावर, असं उत्तर लगेच येईल. थोडं थांबा. हवा सोडून दिली तर तेच रबर जमिनीला चपटं होतं आणि रिम रस्त्याला टेकते. रबर तेच, पोलादी तारा त्याच. गेली फक्त हवा. म्हणजे भार पेलते ती हवा. रबर आणि धागे तिला कोंडून ठेवतात, एवढंच त्यांचं काम. १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला हवेची नळी गुंडाळली. त्याच्याही आधी, १८४५ साली, रॉबर्ट टॉमसनने हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण ते लोक विसरून गेले होते. १८९५ मध्ये मिशलाँ बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार उतरवली. वारंवार पंक्चर झालं, शर्यत काही जिंकता आली नाही. पण हवेवर मोटार चालते, हे सगळ्यांनी पाहिलं.

त्याआधी चाक कसं होतं? आपल्याकडे बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असे. लोहार ती तापवून लाल करी, चाकावर चढवी आणि पाणी ओतून आवळी. धाव लवकर झिजत नसे, पंक्चर होत नसे. पण रस्त्यावरचा प्रत्येक दगड गाडीत बसलेल्याच्या मणक्यापर्यंत जसाच्या तसा पोचत असे. धावेपासून हवेपर्यंत यायला माणसाला काही हजार वर्षं लागली. आता भिंतीवरचा हात न उचलता पुन्हा तो हिशेब आठवा. पंधरा इंची रिम असताना भिंत १२० मिलिमीटर. सोळाला १०७. सतराला, म्हणजे २०५/४५ आर १७ घेतला तर, ९२. बाहेरचं वर्तुळ ६१६ आलं, एक टक्क्याच्याही आत; गणित निर्दोष आहे. पण रिम आणि रस्ता यांच्या मधलं अंतर २८ मिलिमीटरने घटलं. आपण इंचाइंचाने पुन्हा धावेच्या दिशेने चाललो आहोत आणि त्यासाठी पैसे मोजतो आहोत.

याचा फायदा काहीच नाही, असं मात्र नाही. भिंत बुटकी असली की ती कमी वाकते. वळणावर स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच ऐकते, मधे तो ढिला क्षण येत नाही. गुळगुळीत रस्त्यावर ही मजा खरी आहे. शर्यतीच्या आणि वेगवान गाड्यांना मोठ्या रिम लागतात त्या आणखी एका कारणाने: ब्रेकची डिस्क रिमच्या पोटात बसते आणि डिस्क मोठी हवी तर जागा मोठी हवी. आपण रिम मोठी करतो, डिस्क तीच ठेवतो. मग त्या रुंद जाळीआड बिचारी डिस्क आणखीच लहान दिसते.

आता खड्ड्याचा विचार करा, पण सावकाश. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं; त्याचे खड्डे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नकोत. गणपतीला निघालात. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, मांडीवर फुलांची पिशवी. पाऊस पडतो आहे. खड्ड्यात पाणी भरलं आहे, म्हणून तो खड्डा वाटत नाही. चाक त्याच्या पलीकडच्या धारदार काठावर आदळतं. त्या क्षणी टायर दबतो. भिंत उंच असेल तर दबायला वाव असतो आणि हवा तो धक्का गिळते. भिंत बुटकी असेल तर काठ आणि रिम यांच्यात टायर चिमटला जातो, आतले धागे तुटतात. बाहेरून तेव्हा काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, टायरच्या बाजूला फुगा दिसतो. तिथे धागा राहिलेला नसतो. एकट्या रबराने हवा अडवून धरलेली असते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. रिमलाही बेंड येतो. अलॉय ठोकून सरळ करून देणारे आहेत, पण ठोकलेल्या अलॉयवर पाच माणसं बसवावीत असं मला वाटत नाही.

भिंतीवरून हात काढा आणि जमिनीवर पालथा ठेवा, बोटं जुळवून. एक चाक रस्त्याला ढोबळमानाने एवढंच टेकतं. हेही हवेचंच गणित: चाकावर ३०० किलो भार आणि आत ३२ पाउंड हवा असेल तर टेकणारी जागा साधारण १३० चौरस सेंटिमीटर येते. टायर रुंद घेतला म्हणून ही जागा फारशी वाढत नाही, हे पहिल्यांदा ऐकलं की पटत नाही. भार तोच, हवेचा दाब तोच, तर क्षेत्रफळही जवळपास तेच. बदलतो तो आकार. अरुंद टायर लांबट टेकतो, रुंद टायर आडवा. आडव्या आकाराला वळणावर पकड चांगली मिळते, पण साचलेलं पाणी बाजूला सारायला तेवढाच त्रास होतो आणि तो पाण्यावर लवकर तरंगतो. ज्याची गाडी वर्षातले चार महिने पावसात चालते, त्याने रुंदीचा मोह धरण्याआधी हे आठवावं.

मापाच्या पुढे आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं, ८८ एच असं काहीतरी. इथे बहुतेकांची नजर पोचत नाही, आणि माझ्या मते मापाइतकंच महत्त्व याला आहे. एच म्हणजे टायर ताशी २१० किलोमीटर वेग सोसतो. त्याची आपल्याला चिंता नाही. ८८ हा भारांक, म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. सोळा इंची १९५/५५ ला बहुधा ८७ असतो, ५४५ किलो. सतरा इंची २०५/४५ साधा घेतला तर ८४, म्हणजे ५०० किलोच. रिम वाढली, टायर रुंद झाला, दिसायला गाडी दणकट झाली आणि पेलण्याची ताकद घटली. हवा कमी झाली, म्हणून. ती भरून काढायला एक्स्ट्रा लोड प्रकारचे टायर मिळतात. त्याच मापात ८८ भारांक देतात. पण साधा टायर आपली पूर्ण ताकद ३६ पाउंडांना देतो, तर यांना त्यासाठी ४२ लागतात. थोडी हवा जास्त दाबून भरायची. मग खड्डा आणखी कडक लागतो.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. त्या मननाच्या नाहीत, तपासण्याच्या आहेत. रिमची रुंदी टायरला साजेशी हवी. १९५/५५ ला साडेपाच ते सात इंच चालते. नटांच्या भोकांचं वर्तुळ, ज्याला दुकानात पीसीडी म्हणतात, ते तंतोतंत जुळायला हवं. मधलं भोक हबवर घट्ट बसायला हवं, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं आणि दोष बॅलन्सिंगला दिला जातो. ऑफसेट, म्हणजे रिमची हबला टेकणारी बाजू तिच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते अंतर, चुकला तर चाक बाहेर येतं किंवा आत सस्पेन्शनला भिडतं. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा आणि मागे माणसं बसवून पाहा, घासतं का. स्टेपनी जुन्याच मापाची राहणार. बाहेरचं वर्तुळ तेच ठेवलं असेल तर ती तात्पुरती चालून जाते, हा योग्य मापाचा आणखी एक फायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. विमा कंपनीलाही कळवून ठेवावं.

शेवटी हौसेकडे या. तिला हाकलू नका. नवी गाडी घरी आली की आपण चाकाखाली लिंबू ठेवतो, दसऱ्याला झेंडूची माळ घालतो. गाडी देखणी दिसावी हे वाटणं परकं नाही. कुणी विचारलं तर मी सांगेन, दिसण्यासाठी घालायची तर तसं म्हणून घाला, "ग्रिप वाढते" असं घरच्यांना सांगत बसू नका. मोठी रिम बहुतेक वेळा जड असते, तिचं वजन मध्यापासून दूर असतं, ते फिरवायला आणि थांबवायला इंजिन-ब्रेकला जास्त कष्ट पडतात आणि मायलेज थोडं घटतं. हे सगळं माहीत असून ती हवीशी वाटत असेल तर हौस खरी आहे.

माझं मत विचाराल तर पंधरा इंची बलेनोला सोळा घालावी, सतरा घालू नये. आपल्या रस्त्यांवर एका इंचाची हवा सोडता येते, दोन इंचांची नाही. दुसरी कुठली गाडी असेल तर तिच्या सर्वांत वरच्या व्हेरिएंटला कंपनीने जे माप दिलं आहे तिथे थांबा, आणि त्या मापाला कंपनीने ठरवलेल्या भारांकाच्या खाली उतरू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बहुतेक गाड्यांना एक पट्टी चिकटवलेली असते; तिच्यावर माप आणि हवा दोन्ही छापलेलं असतं. तिचा फोटो काढून दुकानात न्या, आणि टायर रिमवर चढवण्याआधी त्याच्यावरचा भारांक स्वतः वाचा. एकदा चढवलेला टायर दुकानदार सहसा परत घेत नाही.